मामाजींचं चर्च

गोंदियात रेल्वे आली त्या काळातल्या जुन्या चर्चविषयी माझ्या मामेसासऱ्यांना जितकं ठाऊक आहे, तितकं ते बांधणाऱ्यांनाही ठाऊक नसेल. मामाजी स्वतः हनुमानाचे भक्त, दवनीवाड्याला धानाची शेती आणि चर्चसमोर सायकल दुरुस्तीचं दुकान. "तुम्हाले चर्चचं कायले पडलं?" असं कोणी विचारलं की ते शांतपणे सांगत, "त्याच्या घंटेवर मी जिंदगीभर दुकान उघडलं. माह्या हाताले घडी कधी होती?"

मोडकळीला आलेलं चर्च पाडून नवं बांधायचं ठरलं, तेव्हा मामाजींनी एक वही घेतली आणि म्हाताऱ्या माणसांना गाठून चर्चचा इतिहास लिहू लागले. कुडव्याच्या एक आजीबाई म्हणाल्या, ते इंजिन ड्रायव्हरांनी बांधलं. एक निवृत्त गार्ड म्हणाले, गोऱ्या साहेबाच्या बायकोनं हट्ट धरला म्हणून बांधलं. मामाजींनी दोन्ही लिहून घेतलं. कोणाला खोटं पाडणं त्यांच्या स्वभावात नाही. मग पंक्चर काढताना ते गिऱ्हाईकाला पाया खोदल्यापासून सांगायला लागत, आणि छप्पर चढल्याशिवाय सायकल काही हाती देत नसत. पुतणीच्या लग्नात भटजी घाई करत होते, तर हे नवरदेवाच्या काकांना चर्चच्या घंटेचं वजन समजावत बसलेले. पाडकाम सुरू झालं तेव्हा जुनं दार नव्या इमारतीत पुन्हा नीट जोडता यावं म्हणून त्यांनी फळ्यांवर खडूनं नंबर टाकले. मजुरांनी फळ्या धुऊन ठेवल्या. मामाजी रागावले नाहीत. त्यांनी पुन्हा नंबर टाकले, या वेळी ऑइल पेंटनं. ते आजही दिसतात.

उद्घाटनाच्या दिवशी पाद्रीसाहेबांनी त्यांना पाच मिनिटं बोलायला दिली. वेळ झाली की शर्ट ओढायचा, म्हणून घरच्यांनी मला शेजारी बसवलं होतं. मामाजी वही घेऊन उभे राहिले. समोरच्या बाकांवरून त्यांनी बराच वेळ नजर फिरवली, "नवं बी चांगलं झालं," इतकंच म्हणाले आणि खाली बसले.

परतताना मी विचारलं, "मामाजी, काऊन नाही बोलले?"

"ज्याइनं मले सांगतलं, त्याइच्यातलं एकबी माणूस नाही दिसलं, जवाई. बांधून होतवरी सारे निघून गेले."

मामाजी तो इतिहास अजूनही पूर्वीइतकाच लांब सांगतात. फक्त आता प्रत्येक गोष्टीआधी ती सांगणाऱ्याचं नाव घेतात.