जिन्यात वाचायची चिठ्ठी

हे लिहायचा अधिकार मला आहे का, ठाऊक नाही. म्हणून आधीच माफी मागतो. शांतवनकाकांना चाळीस-चाळीस वर्षं ओळखणारी माणसं चेन्नईत आहेत. मी त्यांना जेमतेम दीड वर्ष ओळखत होतो, तेही रविवारच्या जेवणापुरता. आमच्या घरातून कॉलेजात गेलेला मीच पहिला, त्यामुळे गेलेल्या माणसाविषयी छापण्यासाठी लिहायचं तर सुरुवात कुठून करतात, हे विचारायलाही कुणी नाही. पण त्यांना जाऊन सात आठवडे झाले आणि एक गोष्ट मला स्वस्थ बसू देत नाही...

बातमी आली तेव्हा मी प्रयोगशाळेत होतो. फोन एस्तरअक्कांचा, त्या काकांच्या खालच्या मजल्यावर राहत आणि त्यांचा स्वयंपाक करत. "तंबी, अय्या गेले. सकाळी मी कॉफी घेऊन वर गेले, तर..." तमिळमध्ये एवढंच म्हणाल्या; मला त्या तंबी, म्हणजे धाकटा भाऊ म्हणत आणि काकांना आदराने अय्या. सिरुसेरीजवळच्या आमच्या कॉलेजातून एग्मोरला जायला दोन बस बदलाव्या लागतात. त्या दोन्ही बसमध्ये रडू आलं नाही. डोक्यात एकच फिरत होतं, की गेले सहा रविवार मी त्यांच्याकडे गेलो नव्हतो.

आमची ओळख एग्मोर स्टेशनबाहेरची. मी आईला फोनवर सांगत होतो की इथे रोज भात, पोट भरल्यासारखं वाटत नाही. मागून कुणीतरी मराठीत म्हणालं, "आईला सांग, सहा महिन्यांनी भाकरी जड वाटेल." वळून पाहिलं तर पांढऱ्या सदऱ्यातले एक म्हातारे गृहस्थ, हातात कढीपत्त्याची जुडी. मूळचे नगरकडचे ख्रिस्ती. तारखात्याच्या नोकरीत बदली होऊन इकडे आले, इथलीच बायको केली, ती गेल्यावरही इथेच राहिले. मूलबाळ नाही. त्याच दिवशी मला जेवायला घेऊन गेले.

इथल्या ख्रिस्ती घरांत वचनांची एक छोटी पेटी असते. पाहुण्याने तिच्यातली एक चिठ्ठी काढायची, देवाने आपल्याला काय आश्वासन दिलंय ते वाचायचं. काकांची पेटी म्हणजे बिस्किटांचा जुना डबा होता आणि त्यात आश्वासनं नव्हती. "आश्वासनं निवडणुकीत मिळतात," म्हणायचे. बायबलमधल्या नीतिवचनांतली नेमकी टोचणारी वाक्यं त्यांनी आपल्या शब्दांत, आणखी छाटून लिहून ठेवली होती. आयुष्यभर तारा पाठवलेला माणूस. एक शब्द जास्त झाला तरी त्यांना खुपायचा. "शलमोन राजा आमच्या खात्यात शोभला असता," असं त्या नीतिवचनांच्या कर्त्याविषयी त्यांचं मत. डब्याचा नियम एकच. निघताना चिठ्ठी काढायची, ती जिन्यात वाचायची आणि भांडायचं असेल तर पुढच्या रविवारी यायचं.

माझी पहिली चिठ्ठी होती, "आळशी म्हणतो, रस्त्यावर सिंह आहे." पुढच्या रविवारी मी भांडलो. म्हटलं, काका, मी आळशी नाही. वर्गात इंग्रजीत प्रश्न विचारायची भीती वाटते, म्हणून गप्प बसतो. ते ताक ओतत म्हणाले, "भित्रा आणि आळशी, दोघांचा सिंह एकच. पाळतात आळीपाळीने." त्या आठवड्यात मी वर्गात पहिला प्रश्न विचारला. नंतर कधीतरी चिठ्ठी निघाली, की मूर्खही गप्प राहिला तर शहाणा ठरतो. मी विचारलं, मग माझं आधीचंच बरं होतं ना? "ती तुझ्या प्राध्यापकांना दे," ते म्हणाले. आई फोनवर काळजीने विचारायची, "ते तुला ख्रिस्ती तर करणार नाहीत ना रे?" मी सांगायचो, "अगं, ते मला फक्त आळशी म्हणतात."

आणि मग ती चिठ्ठी निघाली. त्या रविवारी काका खोकत होते, जेवताना दोनदा जांभई आली. अक्का म्हणाल्या, अय्यांना आज आराम हवा. मी लवकर उठलो, डब्यात हात घातला, जिन्यात चिठ्ठी उघडली. "शेजाऱ्याकडे कमी जा. कंटाळेल." आमच्याकडे समोरच्याच्या चेहऱ्याकडे पाहून उंबरा ओलांडायला शिकवतात. मला वाटलं, चेहरा मी वाचला नाही, म्हणून चिठ्ठीने सांगितलं. डब्यात हात माझाच होता हे कळत होतं... तरीही. पुढच्या रविवारी गेलो नाही. त्याच्या पुढच्या रविवारी तर न गेल्याचीच लाज वाटली. त्यांच्याकडे फोन नव्हता आणि अक्कांना विचारायला जीभ रेटेना. खोलीतही बसवत नसे. कॉलेजजवळच्या कोवलमच्या किनाऱ्यावर जाऊन होड्यांकडे बघत बसायचो, चिठ्ठी खिशात. पुन्हा पुन्हा वाचायचो, जणू एखादा शब्द बदलला असेल.

काका खरंच कंटाळले होते का? ते गेल्यावर हे विचारायचं कुणाला?

गेल्या आठवड्यात अक्कांनी मला बोलावून डबा हातात दिला. "तुझाच आहे, असं म्हणाले होते." मग जरा रागानेच म्हणाल्या, "कार्ड पाठवूनही आला नाहीस, तंबी. दर रविवारी दोन ताटं मांडायला लावायचे."

"कसलं कार्ड, अक्का?"

"पोस्टात मीच टाकलं की."

परतीच्या बसमध्ये डबा मांडीवर होता. झाकण उघडायचा धीर झाला नाही. हॉस्टेलच्या ऑफिसात पत्रांचा एक खण आहे. तिथे बघायला कुणी जात नाही, कारण आताशा पत्र येतं कुणाला? वॉचमनने किल्ली शोधून दिली. बँकांच्या लिफाफ्यांखाली पोस्टकार्ड होतं. मी न गेलेल्या तिसऱ्या रविवारनंतर लिहिलेलं, तारेसारखंच.

"डबा तपासला. शेजाऱ्याची चिठ्ठी तुला गेली. शलमोनाच्या घरी हजार बायका. त्याला पाहुणा जड. मी एकटा. रविवारी ये."