मामाजींचा तांब्याचा हार्पून

आमच्या मामाजींनी उभ्या जन्मात मासा खाल्ला नाही, समुद्र पाहिला नाही, आणि मासे मारायच्या एका हत्याराखेरीज दुसऱ्या कुठल्या विषयावर ते मनापासून बोलले नाहीत. मामाजी म्हणजे माझे सासरे. नागपुरात महाल भागातल्या एका शाळेत इतिहास शिकवून निवृत्त झालेले. राजेमहाराजांना ते परीक्षेपुरता न्याय देत, पण हार्पूनचा विषय निघाला की घंटा होऊन गेली तरी वर्ग सुटत नसे. पोरांनी त्यांचं नाव 'भालामास्तर' ठेवलं होतं. त्याचा त्यांना राग यायचा, पण नाव ठेवल्याचा नव्हे. "नाव ठेवता तं बरोबर ठेवा रे पोट्टेहो," ते म्हणायचे, "भाला वेगळा, हार्पून वेगळा!"

आमची पहिली भेट भिवापूरला, मला बघायला आले तेव्हा झाली. एकोणीसशे सत्तरच्या पुढेमागे कधी तरी. अंगणात मिरच्या वाळत घातलेल्या आणि मी डोक्यावर पदर घेऊन खाली मान घालून बसलेले. सासूबाईंनी, म्हणजे आत्याबाईंनी, स्वयंपाकाचं, विणकामाचं विचारून झालं होतं. तेवढ्यात एक कुत्रं मिरच्यांवरून चालायला लागलं. सवयीने माझा हात ढेकळाकडे गेला, आणि ते बसल्या जागेवरून कुत्र्याच्या मागच्या पायावर नेमकं बसलं. माझ्या बाबांनी कपाळाला हात लावला. मामाजी मात्र खुर्चीतून अर्धे उठले होते. "काय नेम आहे वं पोरीचा!" एवढंच बोलले आणि आत्याबाईंकडे बघून मान हलवली. माझं लग्न त्या कुत्र्याने जमवलं, असं आमचे हे अजून सांगतात.

भाला आणि हार्पून यांतला फरक मला लग्नानंतरच्या पहिल्याच आठवड्यात, पोळ्या लाटताना, समजावून सांगण्यात आला. भाल्याला नुसतं टोक. हार्पूनच्या टोकाला मागे वळलेले काटे, म्हणजे शिरलं की निघायचं नाव नको. शिवाय दांडा सुटून बाजूला पडतो, आणि टोकाला बांधलेली दोरी शिकाऱ्याच्या हातात राहते. "भाला फेकला की काम संपलं," मामाजी म्हणायचे, "हार्पून फेकला की काम सुरू होते. दोरी सोडत जायची. त्याले थकू द्यायचं. वढलं का तुटलं." हे ते सायकलरिक्षावाल्याला सांगत, दूधवाल्याला सांगत, आणि आमच्या ह्यांना नोकरीत साहेबाशी खटका उडाला तेव्हा त्यांनाही हेच सांगितलं होतं. ह्यांनी ते ऐकलं नाही आणि त्यांची बदली झाली, ती गोष्ट निराळी.

त्यांचा रंग खरा चढायचा तो मे महिन्यात. बाहेर नागपूरचं ऊन, दाराला वाळ्याच्या ताट्या, आम्ही सगळे ओल्या पंच्याने मान पुसतोय, आणि मामाजी बर्फावर. उत्तरेकडचा माणूस बर्फातल्या एका भोकापाशी तासन्‌तास कसा उभा राहतो, सील श्वास घ्यायला वर आला की हाडाचा हार्पून कसा मारतो, दोरीला कातड्याची फुगवलेली पिशवी कशी बांधतो, म्हणजे जनावर बुडी मारून दमतं. आणि शिकार झाल्यावर तोच माणूस मेलेल्या सीलच्या तोंडात गोडं पाणी घालतो, कारण बिचारा जन्मभर खाऱ्या पाण्यात तहानलेला! इथे मामाजींचा आवाज हमखास कापरा व्हायचा. आत्याबाई म्हणायच्या, "त्या सीलच्या तोंडात घातलं, आता माठात घाला. सकाळपासून रिकामा आहे."

देवमाशांवर बोटीतून तोफेने हार्पून सोडायला लागले, ते त्यांना मुळीच मान्य नव्हतं. तिथे त्यांचा इतिहास संपायचा. "हातातली दोरी गेली अन् तोफ आली. मंग ते शिकार नाही राहिली, कारखाना झाला," म्हणायचे. त्यांना आवडायचे ते जुने लोक. गुहांत राहून सांबरशिंगाचे हार्पून कोरणारे, आणि मिर्झापूरकडच्या एका खडकावर गेंड्याला हार्पूनने घेरणारी माणसं रंगवून ठेवणारे. त्यांच्याविषयी मामाजी इतक्या जिव्हाळ्याने बोलायचे की ते आमच्या भावकीतले असावेत असं वाटायचं.

पण त्यांचा जीव खरा अडकला होता तो आपल्या देशातल्या तांब्याच्या हार्पूनमध्ये. गंगा-यमुनेच्या मधल्या मुलखात जमिनीतून निघालेले हे फार जुने हार्पून. पुस्तकांतून काही विद्वानांनी असं मत दिलं होतं की तांबं मऊ, हत्यार जड, तेव्हा ही वस्तू शिकारीची नसून पूजेची असावी. हे वाचल्यापासून मामाजी तीस वर्षं अस्वस्थ होते. "बुडाशी दोरीसाठी कडी ठेवली आहे," ते पानावरच्या चित्रावर बोट आपटायचे, "देवाले दोरी कायले पाहिजे?"

मी घरात आले त्या सुमाराला त्यांचा उजवा हात थरथरायला लागला होता. चहाची बशी वाजायची. डॉक्टरांनी सांगितलं की हे वाढत जाणार. त्याबद्दल ते घरात कधी बोलले नाहीत, पण एक दिवस इतवारीतल्या तांबटाकडे जाऊन चित्राबरहुकूम तांब्याचा हार्पून घडवून घेऊन आले. तांबटाने विचारलं होतं, "सर, हा त्रिशूळ कोन्त्या देवाचा?" ते त्यांच्या फार जिव्हारी लागलं. घरी आल्यावर म्हणाले, "हात आहे तवर एकदा फेकून पाहतो. लागला, रुतला, दोरीवर टिकला, तं बस. मले दुसरं काही नाही पाहिजे."

परसात भुशाचं पोतं टांगून सराव सुरू झाला. मामाजींचा नेम हाताच्या कापऱ्यामुळे पोत्याच्या हातभर बाजूला जायचा. मग आमच्या ह्यांना उभं केलं. ह्यांनी पहिलाच हार्पून शेजाऱ्यांच्या वाळत घातलेल्या धोतरातून आरपार काढला. मामाजींनी तो सोडवून आणला आणि माझ्या हातात दिला. मी पदर खोचला. पोत्यात तो असा बसला की उपटायला दोघं लागले. मामाजी हसत सुटले, आणि ह्यांनी त्या दिवसापासून फेकाफेकीचा विषय काढला नाही.

आता मासा तर मारायचा नव्हता, घर शाकाहारी. तेव्हा कन्हान नदीच्या पात्रात मोठं कोहळं सोडायचं आणि त्यावर हार्पून टाकायचा असं ठरलं. आमच्याकडे लाल भोपळ्याला कोहळं म्हणतात. त्याची साल जाड, वजन भरपूर, आणि ते पाण्यावर तरंगतं. इथे आत्याबाई आडव्या आल्या. आमच्या भागात अख्खं कोहळं बाई फोडत नाही. कोहळं म्हणजे बळी, घरातल्या थोरल्या लेकासारखं. आधी पुरुषाने चीर पाडायची, मग बाईने विळी लावायची. "सून फेकते तं फेकू द्या," आत्याबाई म्हणाल्या, "पण चीर पाडल्याबिगर कोहळं तिच्या हाती नाही देत मी." मामाजींनी त्यांचा शब्द चुलीपुढे कधी मोडला नव्हता. त्यांनी सुरी घेतली. ह्यांनी हात पुढे केला तर त्यांनाही नको म्हणाले. थरथरत्या हाताने घसरत घसरत ती चीर पार मधोमध खोल गेली.

रविवारी सकाळी आम्ही तिघं कन्हानला गेलो. कंडक्टरने दांड्याच्या लांब बांबूचं अर्धं तिकीट मागितलं, मामाजींनी त्याला हार्पून समजावून सांगितला, त्याने तिकिटाचा विचार सोडून दिला. ह्यांनी पाण्यात उतरून वरच्या अंगाला कोहळं सोडलं. ते डुलत डुलत समोर आलं आणि मी हार्पून फेकला. नेमका बसला. दांडा सुटला, दोरी सरसरत निघाली, मामाजींनी "सोड, सोड, वढू नको!" म्हणून आरोळी दिली, आणि दोरी ताणली जाताच कोहळं उभं दुभंगलं. दोन फाका दोन वाटांनी वाहत गेल्या. तांब्याचं टोक मोकळंच परत आलं.

मामाजींनी दोरी गुंडाळली. बसमध्ये बोलले नाहीत. घरी आल्यावर टोक धुऊन पुसून त्यांनी आत्याबाईंपुढे धरलं. म्हणाले, "ठेव तुह्या देवात. ते पुस्तकातले लोक बरोबर होते. पूजेचंच आहे हे."

त्यानंतरचे दिवस मला आठवले की अजून कसंनुसं होतं. घर एकदम शांत झालं. ज्या बडबडीला आत्याबाई जन्मभर वैतागल्या, ती बंद पडली, तर त्यांच्याच घशाखाली घास उतरेना. पानावर बसल्या की म्हणायच्या, "बोला नं काही. तो बर्फावरचा मानूस घरी गेला का नाही?" मामाजी म्हणायचे, "गेला असंल. तू जेव." ताटाशेजारी त्यांची वाटी तेवढी वाजत राहायची.

आणि मग एका दुपारी आत्याबाईंनी भाजीला कोहळं काढलं. रीतीप्रमाणे ह्यांना चीर पाडायला बोलावलं. ह्यांनी सुरी खुपसली ती अडकली. मागे येईना, पुढे जाईना. कोहळ्यासकट उचलली तरी सुटेना. शेवटी बत्ता मारून चीर पाडली, तेव्हा कोहळं एका हिसक्यात उकललं. आत्याबाई फाकेकडे बघत राहिल्या. चाळीस वर्षं कोहळी चिरलेली बाई ती. मला म्हणाल्या, "सूनबाई, तांबं नाही वं मऊ पडलं. चिरेनं घात केला. माह्या चिरेनं." तशाच उठल्या, देवघरातून हार्पूनचं टोक उचललं, पदराने पुसलं आणि फळीवर ठेवलं. देवांना म्हणाल्या, "हे तुमचं नव्हे."

पुढच्या रविवारी त्या आमच्याबरोबर कन्हानला आल्या. बसमध्ये कोहळं मांडीवर घेऊन, लेकरू धरावं तसं. मामाजी जरा जबरदस्तीनेच आले होते, खिडकीबाहेर बघत. काठावर त्यांनी रीतीप्रमाणे सुरीसाठी हात पुढे केला. आत्याबाईंनी कोहळं जमिनीवर ठेवलं, त्याला हळदकुंकू वाहिलं, हात जोडले आणि ते तसंच, अख्खं, ह्यांच्या हाती दिलं.

"अन् चीर?" मामाजींनी विचारलं.

"नाही पाडायची."

"आवं, पण बाईच्या हातनं..."

"दोष लागला तं मले लागंल. तिले नाही, तुमाले नाही." माझ्याकडे वळून म्हणाल्या, "पाहून काय राहिली? फेक."

फेकताना माझं लक्ष आत्याबाईंकडे होतं. पहिला वार सालीवरून घसरला. ह्यांनी पाण्यात धावून कोहळं अडवलं आणि पुन्हा वर नेऊन सोडलं. दुसऱ्या वेळी मी आत्याबाईंकडे बघितलं नाही, कोहळ्याकडे बघितलं. टोक काट्यांसकट आत गेलं. दांडा सुटून तरंगायला लागला. मामाजींनी माझ्या हातून दोरी घेतली आणि सोडत गेले, सोडत गेले. कोहळं धारेला लागलं, दोरी ताठ झाली, आणि टिकली. मग ते हळूहळू, एकेक हात, ओढून घेऊ लागले. दोरीवर ताण होता तोवर त्यांचा हात अजिबात थरथरत नव्हता, हे आम्ही तिघांनीही पाहिलं.

काठावर आलेल्या कोहळ्यातून ह्यांनी टोक उपटून बघितलं, निघेना. मामाजींनी कोहळ्याकडे बघायला हवं होतं, पण ते आत्याबाईंकडे बघत होते. म्हणाले, "तू अख्खं देल्लं." आत्याबाई म्हणाल्या, "आता बोलान नं घरी?"

बोलले ते! परतीच्या बसमध्ये सुरू झाले, ते पुढची पाचसहा वर्षं थांबले नाहीत. त्या संध्याकाळी आत्याबाईंनी त्याच कोहळ्याची बोंडं, म्हणजे आमच्याकडची गोड भजी, तळली आणि मामाजींनी ती गेंड्याच्या शिकारीसकट खाल्ली. हात वाढत्या कापऱ्याने पुढे निकामी झाला, नंतर त्यांना भरवावं लागायचं, पण गोष्ट सांगायला त्यांना हात लागत नव्हता. मला अशी आनंदी म्हातारी माणसं फार पाहायला मिळाली नाहीत. ते गेले तेव्हा मी माझ्या बाबांसाठी रडले त्याहून जास्त रडले.

तेरवी होऊन बरेच दिवस झाल्यावर घरात पहिल्यांदा कोहळं आलं. भिवापूरहून माझ्या भावाने पाठवलेलं, चांगलं मोठं. मी ते स्वयंपाकघरात ठेवलं आणि रीतीप्रमाणे ह्यांना हाक मारली. ह्यांनी सुरी उचलली. आत्याबाई भिंतीला टेकून तांदूळ निवडत होत्या. त्यांनी मान वर न करता मुलाला म्हटलं, "तू काहून? तिच्या हाती दे."