मामाचा दुसरा ब्रेक

"रस्ता ओलांडायचाय तिला, समुद्र नाही!"

"समुद्रात निदान ट्रक नसतात."

"अहो, दहा वर्षांची झाली ती. शाळा समोर दिसते. खिडकीतून बघत बसा हवं तर."

"बघून काय करू? खिडकीला ब्रेक असतो?"

मी गाडी शिकायला आले होते आणि मामा-मामीचं भांडण ऐकत चहा पीत होते. "उद्यापासून शाळेत एकटी जाणार," असं मुंगीनं काल जाहीर केलं होतं. मुंगी म्हणजे त्यांची लेक. लहानपणी भिंतीच्या कडेकडेनं चालायची, म्हणून हे नाव.

मामाचं ड्रायव्हिंग स्कूल आहे. त्याच्या गाडीत शिकवणाऱ्याच्या पायाशीही एक ब्रेक आहे. इतकी वर्षं तो दाबून दाबून मामाच्या पायाला सवयच लागलीय. मुंगीनं दुधाचा ग्लास उचलला, की टेबलाखाली मामा फरशी दाबतो. तिच्या पेन्सिलींना टोक तो करतो, बुटांच्या नाड्या तो बांधतो, तिचा घास फुंकून गारही तोच करतो.

आणि मुंगीचं रोज सकाळी पोट दुखतं. डॉक्टरीणबाईंनी सगळं तपासलं, पोटात काही सापडलं नाही. "कसं दुखतं गं?" त्यांनी विचारलं. "मुरडा येतो, शाळेच्या आधी," मामा म्हणाला. "मी हिला विचारलं," बाई म्हणाल्या. मुंगीनं बाबाकडे बघितलं. बाई मामीला एवढंच म्हणाल्या, "जरा हिचं हिला करू द्या."

"मी कधी तिच्यावर आवाज चढवला?" मामा आता विचारत होता. "कधी हात उगारला?"

"नाही हो. पण तिला कधी साधं चुकूही दिलं नाहीत."

मामाच्या बाजूनंही सांगायला हवं. त्याचा डावा कोपर सरळ होत नाही. लहानपणी तो कुंपणावरून पडला, आणि आजोबांना पत्ता लागला तो हात सुजून भोपळा झाल्यावर. आजोबा काही दुष्ट नव्हते. पोरं आपोआप वाढतात, अशी त्यांची समजूत होती. आपल्या पोरीला असं वाऱ्यावर सोडायचं नाही, हे मामानं तेव्हाच ठरवलं असणार. गंमत म्हणजे माझी आई त्याच घरात, त्याच आजोबांच्या हाताखाली वाढली आणि अशी बिनधास्त निघाली, की मी कुठे आहे हे तिला आत्ताही ठाऊक नसेल. एकाच घरातून एक ब्रेक निघाला आणि एक ॲक्सिलरेटर. हे कसं होतं, मला अजून उलगडलेलं नाही.

"मामा, एक सांगू?" मी मध्ये तोंड घातलं. "परवा मैत्रिणीची गाडी चालवत होते. समोर मांजर आलं."

"मग? ब्रेक मारलास ना?"

"नाही. गाडी आपोआप थांबायची वाट बघत बसले. तुझ्या शेजारी ती थांबतेच ना! मांजर शहाणं, म्हणून वाचलं."

मामी फस्सकन हसली. मामा हसला नाही. तो माझ्याकडे असा बघत राहिला, जणू ते मांजर त्याच्याच घरचं होतं.

"ते वेगळं," तो म्हणाला.

दारापाशी मुंगी खाली बसून नाडी बांधत होती. एक फास लांब, एक आखूड, मध्ये गाठीचा गोळा.

"सुटेल गं ती. थांब, मी बांधतो."

मुंगीनं बूट आपटून बघितला. गाठ टिकली.

"पोट दुखतंय का, मुंगे?"

तिनं दप्तर खांद्याला अडकवलं.

"मुंगे, विचारतोय ना मी? दुखतंय का?"

टेबलाखाली मामाचा पाय फरशीवर गच्च दाबला गेला. मुंगीनं कडी काढली आणि ती जिना उतरून गेली.