चक्कीवरचा पहिला नंबर

घ्या, थालीपीठ घ्या. काय बघताय? मागच्या वेळी आलात तेव्हाही थालीपीठच होतं, त्याच्या आधीही तेच. 'सरांच्या घरी दुसरं काही होत नाही का?' असं तुमच्या तोंडावर लिहिलेलं दिसतंय मला. नाही होत. का होत नाही ते सांगतो, पण हसताना घास अडकला तर मला दोष देऊ नका. एवढा अभ्यासपूर्ण गाढवपणा माझ्या हातून दुसरा घडलेला नाही.

तुम्हाला माहीत आहे, मी उभी हयात नागरिकशास्त्र शिकवलं. 'समाजाला नियमांची गरज का असते?' हा प्रश्न मी दरवर्षी टाकायचो. पाच मुद्दे, पाच मार्क. मुद्दा गेला, मार्क गेला! मग रिटायर झालो, बोरगाव मेघेला घर बांधलं आणि पहिल्याच महिन्यात बायकोने माझ्या हातात दळणाचा डबा दिला.

आमच्या गल्लीच्या टोकाला देवरावची पिठाची चक्की आहे. चक्की एकच, दगडांची जोडी एकच, गहू असो की जवारी. हा देवराव माझाच विद्यार्थी. मघाच्या त्या प्रश्नाला मी त्याला पाचापैकी एक मार्क दिला होता. तोही अक्षर बरं होतं म्हणून.

पहिल्या दिवशी मी जवारी घेऊन गेलो. ओट्यावर डब्यांची रांग होती, माझा डबा चौथा लागला. शिस्तीत बाकावर बसलो. माझ्या पुढचे तीन डबे गेले. आता माझा नंबर, म्हणून उठतो तर देवरावने माझ्यामागचा डबा उचलला. मग त्याच्यामागचा. मग आणखी एक! मी बघतोच आहे. आणि नंतर तर कहर झाला. हा गडी घरात गेला, स्वतःचा छोटा डबा घेऊन आला आणि सगळ्यांच्या डोळ्यांदेखत तो चक्कीत ओतला.

माझ्यातला मास्तर जागा झाला.

"देवराव! हे काय चाललंय?"

"काय झालं सर?"

"माझ्यामागून आलेले तीन डबे तू आधी घेतलेस. आणि आता स्वतःचंच दळण मध्ये घुसवलंस! मालक आहेस म्हणून?"

"नाई सर, थे असं हाय का..."

"हात वर कर आणि मग बोल."

सवय हो! जात नाही. आणि त्या बिचाऱ्याने पिठाने माखलेला हात खरंच वर केला. पण तोवर मी पुढच्या मुद्द्यावर गेलो होतो.

बाकावर शेजारच्या वच्छलाबाई बसल्या होत्या. आमच्या गल्लीत त्यांच्या शब्दाला वजन आहे, कारण त्या तो मोठ्याने बोलतात. त्या म्हणाल्या, "सर, चांगलं तं चालून राह्यलं. काऊन उगाच डोक्शाले ताप करून घेता?"

"चांगलं चाललंय म्हणता, पण नियम कुठे लिहिलाय?"

"लिवाचं काय त्याच्यात? सगळ्याईले मालूम हाय."

"मला कुठे माहीत आहे?"

"तुमी आजच आले ना बाप्पा चक्कीवर! इतके दिवस म्याडम येत होत्या."

मग मी उभा राहून भाषणच दिलं. लिखित नियम नसले की बळी तो कान पिळी कसा होतो, हे मी त्यांना उदाहरणांसह समजावलं. वच्छलाबाईंनी जांभई दिली. मी ती संमती समजलो.

दोन दिवस घरी बसून मी पुठ्ठ्याची टोकनं कापली, नंबर टाकले आणि एक बोर्ड रंगवला. त्यावर लिहिलं: एक, दळण टोकनच्या क्रमानेच होईल. दोन, धान्य कोणतेही असो, कोणालाही सवलत नाही. तीन, मालकाचे दळण सर्वांत शेवटी. खाली 'आज्ञेवरून' असंही लिहिलं. कोणाच्या आज्ञेवरून? ते मला आजही सांगता येणार नाही.

देवरावने बोर्ड दोनदा वाचला. "सर, एक सांगू का?"

"आधी अंमलबजावणी, मग शंका."

"तुमी म्हनता तं तसंच करू, सर," असं म्हणून त्याने स्वतःच खिळा ठोकला.

बाकीच्यांनी काही हरकत घेतली नाही. बोर्ड तर काय, कुठेही असतो. 'येथे थुंकू नये' खाली लोक काय करतात ते आपण बघतोच. सगळ्यांना वाटलं, सरांची हौस आहे, राहू द्या. पण देवराव माझ्या हातून नापास झालेला मुलगा होता. त्याने ठरवलं की या वेळी पैकीच्या पैकी मिळवायचे!

दुसऱ्याच दिवशी सकाळी हिने माझ्यापुढे डबा ठेवला. घट बसायला दोन दिवस उरले होते. ही नऊ दिवस उपास करते, अगदी कडक. डब्यात राजगिरा, शिंगाडा आणि भगर, तीन दिवस निवडून ठेवलेलं.

"हे पाहा," ती म्हणाली, "नऊ दिवसाचं उपासाचं हाय. आत्ताच जाजा, अन् सगळ्याईच्या पयले दळून आनजा. ह्याच्यात धान्याचा एक कण गेला तं मले चालनार नाई. मंग नऊ दिवस मी काय खाऊ?"

"नियमाप्रमाणे नंबर येईल तेव्हा येईल," मी म्हणालो. आता आठवलं तरी अंगावर काटा येतो.

चक्कीवर गेलो तर कोणीच आलं नव्हतं. देवरावने दगड उघडून, झाडून पुसून लख्ख ठेवले होते. त्याने माझ्या डब्याकडे हात केला, "आना सर, उपासाचं हाय ना?"

मी हात आडवा केला. "टोकन वाटल्याशिवाय सुरुवात नाही."

मी वाटायला उभा राहिलो. वाटणाऱ्याने पहिलं टोकन स्वतःला घेऊ नये, एवढी नीतिमत्ता मला आहे. एक नंबर गव्हाला गेला, दोन नंबर जवारीला, तीन नंबर गल्लीतल्या कांबळे साहेबांच्या चण्याच्या डाळीला. चार नंबर मी घेतला. पाच नंबर वच्छलाबाईंना, त्यांचंही उपासाचंच होतं.

काय तो सोहळा! एक, दोन, तीन, देवराव नंबर पुकारतोय, लोक टोकन दाखवताहेत, मी बोर्डखाली उभा. चक्की एक क्षणही थांबली नाही. माझं पीठ आलं, मी झाकण लावलं. आत पाहिलंसुद्धा नाही. नियमावर विश्वास होता.

वच्छलाबाई मात्र जुन्या खेळाडू. त्यांनी गरम पिठात हात घातला, चिमूटभर जिभेवर ठेवलं आणि असा आवाज काढला की चक्कीचा आवाज त्यात बुडाला.

"अगा देवराव! ह्याच्यात बेसन हाय!"

"असन ना काकू," देवराव शांतपणे म्हणाला. "पन तुमच्यात कमी हाय. कांबळे साहेबाच्या डाळीमांगं सरचा नंबर होता. जास्त थे सरच्या डब्यात गेलं."

मी झाकण उघडलं. पीठ कसलं, नवरदेवाला लावायची हळदच ती!

मग जे झालं त्याला इतिहासात उठाव म्हणतात. जवारीवाल्याच्या पिठात गहू निघाला. कांबळे साहेब म्हणाले, "माझ्या बेसनात जवारी आली, भजे काय डोंबलाचे होतील?" वच्छलाबाई बोर्डाकडे निघाल्या. त्यांचं टोकन त्यांनी आधीच माझ्या अंगावर फेकलं होतं.

"देवराव," मी घाईने म्हणालो, "असं कसं झालं रे?"

त्याने चक्की बंद केली. 

"सर, सकाळी दगड साफ करतो, तवा पयले उपासाचं. मंग सगळ्याईचा गहू. मंग जवारी. आखरीले डाळ. म्हनून त्या दिवशी तुमची जवारी थांबवली होती."

"बरं, पण तुझा डबा मध्ये कशाला?"

"गव्हावरून जवारीवर आलो का दगडात गहू राह्यतेच ना. पयले ज्याचं दळाल त्याच्यात थो मिसळते. थे कोनाच्या माथी मारू? मंग पयले माह्या घरचं टाकतो. मिसळ झाली तं माह्या घरची होईन. आमच्या घरी चक्की आली तवापासून मिसळीचीच भाकर हाय."

खरं सांगतो, मला लाज वाटली. ज्याला मी रांगेत घुसणारा म्हणालो, तो सगळ्या गल्लीची मिसळ वर्षानुवर्षं आपल्या ताटात घेत होता. आणि त्याला मी एक मार्क दिला होता.

"मग हे तू मला आधी का नाही सांगितलंस?"

"हात वर केला होता ना, सर."

हात दाखवून अवलक्षण म्हणतात, इथे हात त्याने दाखवला आणि अवलक्षण माझं झालं.

घरी हिने डबा उघडला, पाहिलं आणि बंद केला. मग म्हणाली, "माह्या उपासाचं मी पाहीन. पन हे पीठ फेकाचं नाई. हे तुमी खासान."

त्या दिवशी मी राजगिरा, शिंगाडा, भगर आणली, हिची आणि वच्छलाबाईंचीही, चष्मा लावून निवडली आणि दुसऱ्या दिवशी उजाडताच देवरावच्या स्वच्छ दगडावर सगळ्यांत आधी दळून आणली. हिचा उपास सुखरूप पार पडला. मी नऊ दिवस पिवळं पीठ खाल्लं. तुम्ही म्हणाल, संपलं?

कसलं संपतंय! दसरा झाल्यावर वच्छलाबाईंनी चक्कीवर सभा घेतली. अगदी मी शिकवायचो तशी. "देवरावच्या लेकराईनं लय वर्सं मिसळ खाल्ली. आता पाळी बदला. ज्याईले वाटते का धान्याचा फेर बदलल्यावर पयले सरचं दळन टाकाव, त्याईनं हात वर करा."

सगळे हात वर. देवरावने नाही केला, तो म्हणाला, "आपले सर हायेत." पण बहुमत म्हणजे बहुमत. आणि सगळ्यांत उंच हात कोणाचा होता? आमच्या हिचा!

तेव्हापासून आमचा एक डबा कायम चक्कीजवळ असतो. गव्हावरून जवारी, जवारीवरून डाळ, फेर बदलला की देवराव आधी तोच ओततो. त्या पिठाची पोळी लाटता येत नाही, भाकरी थापता येत नाही. थालीपीठ तेवढं होतं. घ्या ना, आणखी एक घ्या.

बोर्ड अजून आहे तिथे, उलटा करून त्याचं डब्यावर झाकण केलंय. आणि तक्रार तरी कशी करू? ज्यासाठी मी भांडलो होतो तेच मिळालं. आता अख्ख्या बोरगावात चक्कीवर पहिला नंबर माझाच असतो.