पुस्तकाची पलीकडची बाजू

सिंदेवाहीच्या शाळेत बाबा साऱ्या गावाचे गुरुजी होते. कुणाचं गणित चुकलं तर दहादा समजावतील, कुणाला नुसता पाढा आला तरी पाठ थोपटतील. माझ्या वाट्याला मात्र शनिवार दुपारचे बाबा यायचे. त्या मुलखात बेने इस्रायलांचं, म्हणजे मराठी ज्यूंचं, घर आमचं एकटंच. सिनेगॉग नाही, हिब्रू शिकवणारं दुसरं कुणी नाही. मला ती आली नाही तर आमच्या घरात बाबांपाशीच संपणार, ही धास्ती त्यांच्या आवाजात असायची. शनिवार आमचा शब्बाथ, विश्रांतीचा पवित्र दिवस. सकाळी शाळेत नोकरीपायी खडू धरावा लागे, पण घरी शब्बाथला लिहायचं नाही. पाटी कोनाड्यात, फक्त वाचन. कोकणातून आणलेलं प्रार्थनेचं एकच पुस्तक माझ्यापुढे, समोर बाबा. चुकलं की "पुन्हा." बरोबर आलं की "पुढे." एका शाब्बासकीसाठी मी वर्षभर जीव टाकत होते.

शेजारच्या मासे धरणाऱ्या ढिवरांची मुलगी माझ्याच वर्गातली. तळ्यावरून परतताना ती आमच्याकडे टेकायची, तीही बाबांना खेटून. बसू दे, तिला काय कळणार, असं मी म्हणायची. एका शनिवारी मी अडखळले आणि ती म्हणाली, "गुरुजी, मले येते." ओळ घडाघडा वाचली. बाबा म्हणाले, "शाब्बास, पोरी."

माझ्या अंगाचा तिळपापड झाला. पुस्तक गर्रकन फिरवून मी तिच्यापुढे सरळ धरलं. "आता वाच."

ती बघतच राहिली. "हे अक्षरं तं मी कधी पाह्यलीच नाई."

समोर बसून ती सगळी अक्षरं उलटीच शिकली होती. मला भारी आनंद झाला. लाज वाटायला हवी होती, वाटली नाही.

बाबा हसू लागले. घरात असं हसताना मी त्यांना पाहिलं नव्हतं. त्यांनी पुस्तक पुन्हा होतं तसं ठेवलं. म्हणाले, "आमच्या गावी आम्ही पाच पोरं आणि पुस्तक एक. मला पलीकडची जागा मिळाली. अजून सरळ वाचताना चाचपडतो, म्हणून तर तुझ्या समोर बसतो."

आणि मी समजत होते, समोर बसतात ते धाकासाठी.

आठवडाभर घरात कुणी नसताना मी पुस्तक उलटं धरून घोकलं. पुढच्या शनिवारी ती येण्याआधीच बाबांना खेटून बसले. ती आली आणि माझ्या जागेवर बसली. मी पलीकडच्या बाजूनं अख्खी ओळ न अडखळता वाचली आणि बाबांच्या तोंडाकडे पाहिलं.

"पुढे," बाबा म्हणाले.