माझ्यासाठी बोललेला नवस

मुलुंड पूर्वेच्या आमच्या इमारतीत बेने इस्राएलांचं, म्हणजे मराठी ज्यूंचं, घर एकच, आमचं. शनिवारी शब्बाथ, म्हणून आमच्याकडे गॅस पेटायचा नाही, तो सुरू होताना शुक्रवारी संध्याकाळी खोबरेल तेलाचा दिवा लागायचा, आणि दाराच्या चौकटीवरच्या मजुजाला, म्हणजे धर्मवचनाच्या डबीला, हात लावून तो ओठांना टेकवल्याशिवाय आत्या घराबाहेर पडायची नाही. बाकी मग गोल साडी, काळे मणी, नारळाच्या रसातलं मटण. शेजारच्या मालवणी काकूंना आमच्यात वेगळं काय ते कधी नीटसं कळलं नाही.

घरात आम्ही तिघं होतो. पप्पा विक्रोळीच्या कारखान्यात फिटर, मी घाटकोपरला प्राथमिक शाळेत शिकवायचे, आणि आत्या घर बघायची. मी चार वर्षांची असताना आई वारली. तेव्हा पप्पांची ही धाकटी बहीण काही दिवसांसाठी म्हणून आली आणि राहिलीच. मी तिला आईच समजत होते, फक्त हाक आत्या म्हणून मारायचे.

मी सत्तावीस वर्षांची झाले तेव्हा आत्याच्या तोंडी माझ्या लग्नाशिवाय दुसरा विषय नव्हता. आमच्यातली मुलं एकेक करून इस्रायलला गेलेली. ठाण्याच्या सिनेगॉगमध्ये प्रार्थनेला लागणारे दहा पुरुष जमवताना प्रार्थना सांगणाऱ्या हज्जानची दमछाक व्हायची, तिथे नवरा कुठून मिळणार? आत्याने गुरुवारचे उपास धरले. रोज सकाळी पश्चिमेकडे, म्हणजे जेरुसलेमच्या दिशेने तोंड करून माझ्यासाठी स्तोत्रं म्हणायला लागली. काही होईना.

"आता एलियाहू हन्नाबीलाच साकडं घालायचं," ती एक दिवस म्हणाली. "खंडाळ्याला जाऊ या."

हे खंडाळं घाटातलं नव्हे, अलिबागजवळचं. तिथे एक मोठा खडक आहे. एलियाहू हन्नाबी, आमचे प्रेषित, तिथे येऊन गेले, त्यांचा रथ तिथून आकाशात गेला, आणि घोड्याच्या टापांच्या नि चाकाच्या खुणा खडकावर राहिल्या, असं आमचे लोक मानतात. मूल हवं असलं, लग्न अडलं असलं, की तिथे जाऊन नवस बोलायचा.

भाऊच्या धक्क्यावरून लाँच, मग रेवसहून एसटी. मला सगळ्याचा कंटाळा आला होता. आत्याने खडकावर हात ठेवला, डोळे मिटले आणि मोठ्याने म्हणाली, "हन्नाबी, ह्या पोरीला चांगला नवरा दे. घरात मलिदा घालीन." दोन बायका वळून बघायला लागल्या. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

तिथेच तो उभा होता. उंच, उन्हाने रापलेला, डोक्यावर टोपी. आईचा जुना नवस फेडायला इस्रायलहून आला होता. लहानपणी रेवदंड्याहून आईवडिलांबरोबर तिकडे गेलेला. त्यामुळे त्याचं मराठी ऐकून हसू यायचं. पंचेचाळिशीचा माणूस, आणि बोलायचा जुन्या खेडेगावातल्या आजोबांसारखा.

आत्याने वेळ घालवला नाही. "लग्न झालंय तुमचं?"

"झालेलं. बायको वारली, सहा वर्सं झाली. मूलबाळ नाय."

"काम काय करता?"

"बंदरावर क्रेन चालवतो."

"शब्बाथ पाळता?"

"आई व्हती तोवर पाळायचो. आता कधी पाळतो, कधी नाय."

"नाही म्हणजे? लाज नाही वाटत?"

तो मोठ्याने हसला. मी दूर जाऊन समुद्राकडे बघत उभी राहिले. परतीच्या एसटीत मी आत्याला म्हटलं, "अगं, पंचेचाळीस आहे तो!" तर म्हणे, "पंचेचाळीस म्हणजे काय म्हातारा? धट्टाकट्टा आहे, खरं बोलतो. तुला आणखी काय पाहिजे?"

तो तीन महिन्यांच्या रजेवर आला होता; त्यानंतर आत्याच्या बोलावण्यावरून आमच्याकडे तीन-चार वेळा येऊन गेला. मी शाळेच्या गोष्टी सांगायचे, तो ऐकायचा. माणूस वाईट नव्हता. मन काही धडधडत नव्हतं, पण सगळ्यांचं कुठे धडधडतं, अशी मी स्वतःची समजूत घातली होती. आत्या मात्र त्याच्याशी भांडायची. बिरड्यात गूळ घालतात की नाही, त्याच्या आईच्या गावची कुठली गाणी खरी, कुठली चुकीची. तो मुद्दाम तिला डिवचायचा. पप्पा आणि मी हसायचो. आम्हाला दोघांनाही काही दिसलं नाही.

लग्न ठरणार असं धरून आत्याने मलिद्याचा, म्हणजे हन्नाबीच्या नावाच्या प्रसादाचा, दिवस काढला. भिजवलेले पोहे, साखर, ओलं खोबरं, वेलची. ताटात त्याचा ढीग, भोवती खजूर, केळी, सफरचंद, चिकू, वर गुलाब नि सब्जाची डहाळी. नारळ मालवणी काकूंनी दिले होते आणि त्या स्वतःही येऊन बसल्या होत्या. हज्जान आले. पांढरी चादर अंथरली, ताट मधे ठेवलं. मी नवी साडी नेसले होते.

हज्जान पुस्तक उघडणार, तेवढ्यात तो पप्पांना म्हणाला, "सुरू करायच्या आधी एक इचारायचंय. तुमच्या बहिनीबद्दल."

पप्पा खुश. "अहो, तिची काहीच हरकत नाही! तिनेच तर सगळं जुळवलं."

"तसं नव्हे." तो मान खाली घालून बोलत होता, पण आवाज स्पष्ट होता. "मला लग्न तिच्याशी करायचंय. तिची मर्जी आसंल तर. पोरगी चांगली हाय, पण ती मला लेकीसारखी. हे ताटावर बसायच्या आधीच सांगायला हवं, म्हणून बोललो."

पप्पांचं तोंड उघडंच राहिलं होतं. काकू हळूच म्हणाल्या, "गो बाय माझे!" आणि तोंडाला पदर लावला. आत्याच्या हातात पाण्याचा तांब्या होता, तो तिने जमिनीवर ठेवला, उठली आणि स्वयंपाकघरात जाऊन दार लोटून घेतलं.

मी मागोमाग गेले. माझा अपमान झाला होता, ते मला कळत होतं, पण त्याहून मोठा धक्का वेगळाच होता. आत्या ही एक बाई आहे, तिच्याकडे कुणी असं बघू शकतं, हे माझ्या डोक्यात कधी आलंच नव्हतं. ती ओट्याला टेकून उभी होती.

"मी तुझ्यासाठी मागितलं गं," ती म्हणाली. "देवाशप्पत. खडकावर हात ठेवून तुझ्याचसाठी मागितलं. माझ्या मनात काही नव्हतं."

"मला माहीत आहे."

"हाकलून दे त्याला. ह्या वयात मला तमाशा नको."

बाहेरून पप्पांचा चढलेला आवाज आला. "बेचाळीस वर्षांची आहे ती! ह्या वयात काय लग्न? आणि हे घर कोण बघणार?"

‘ह्या वयात’ हे शब्द आत्याने आत्ताच उच्चारले होते, पण भावाच्या तोंडून ऐकताना तिचा चेहरा बदलला. तेवीस वर्षं ती ह्या घरात होती, आणि पप्पांना पहिला प्रश्न पडला तो घर कोण बघणार हा.

मी म्हटलं, "मला पंचेचाळीसचा नवरा म्हातारा नव्हता ना? मग बेचाळीसची तू कशी म्हातारी?"

तिने माझ्याकडे असं पाहिलं, की वाटलं आता थोबाडीत देणार. मग विचारलं, "तुला वाईट नाही वाटणार?"

"वाटतंय," मी म्हटलं. "पण तो गेला म्हणून नाही."

ती बाहेर आली. पप्पांकडे न बघता हज्जानसमोर उभी राहिली. "नवस मी हिच्यासाठी बोलले होते. आता हे घेतलं तर पाप लागेल का?"

हज्जान म्हातारे होते, दाढी कुरवाळत म्हणाले, "बाई, कुणासाठी काय ठरलंय ते मला कसं कळणार? तू खडकावर गेलीस तेव्हा ह्या घरात बिनलग्नाच्या बायका दोन होत्या, एवढं मला ठाऊक आहे. आता खाली बस. ताट उघडं पडलंय."

मलिदा झाला. खजुरावरची बराखा, म्हणजे प्रार्थना, म्हणताना पप्पांचा आवाज फाटला होता. आत्याने त्या दिवशी हो म्हटलं नाही, नाहीही म्हटलं नाही. पंधरवड्याने, भांडी घासता घासता, माझ्याकडे पाठ करूनच म्हणाली, "मी जाते."

ठाण्याच्या सिनेगॉगमध्ये लग्न झालं. तिच्या हातावर मेंदी मी लावली. पप्पा लग्नाला आले, पण जेवले नाहीत. सहार विमानतळावर मात्र, ती आत जायला निघाली तेव्हा, त्यांनी तिचे दोन्ही हात धरले आणि लहान मुलासारखे रडले. ती म्हणाली, "दादा, भात लावायला शीक."

ते शिकले. आधी करपवायचे, मग जमायला लागला. मी पुढे लग्न केलं नाही. स्थळं आली, मीच नको म्हटलं, आणि त्याचं मला दुःख नाही. आत्या तिथे नवऱ्याशी रोज भांडत सुखात राहिली. तिकडून येणारी माणसं सांगायची, की तो आता दर शुक्रवारी वेळेवर घरी येतो, नाहीतर ती दार उघडत नाही.