गच्चीवरचा पिंतो

पुएब्ला शहरातल्या आमच्या गल्लीत कुत्री गच्चीवरच राहतात. शिवणकाम करणाऱ्या ओफेलियाकाकूंचा पिंतोही तिथेच असे आणि गॅसवाल्यापासून पाद्रीबाबांपर्यंत सगळ्यांवर भुंके. शेवटी घरमालकाने बजावलं, "हा गप्प बसला नाही, तर दोघंही घर सोडा."

काकूंचा उपाय ठरलेला होता. पिंतो भुंकला की अंगणातून वर टोर्टिया, म्हणजे मक्याची पातळ भाकरी, भिरकावायची. खाऊन होईपर्यंत तो शांत राही.

शेजारची रेमेदिओस म्हणाली, "अगं, तो भुंकत नाहीये, जेवण मागवतोय! खानावळ उघडलीस तू त्याची."

"तुझं तोंड बंद करायला काय फेकू?" काकू म्हणाल्या.

पण दुसऱ्या दिवशी गॅसवाल्याची आरोळी आली, पिंतो भुंकू लागला, तेव्हा काकू टोर्टिया हातात धरून नुसत्या उभ्या राहिल्या. पिंतोचा आवाज चढत गेला. समोरच्या खिडकीतून शिव्या आल्या. काकू हलल्या नाहीत. अखेर दमून तो थांबला आणि खाली त्यांच्या हाताकडे बघू लागला. तेव्हाच टोर्टिया वर गेली.

त्यांनी हे रोज केलं. आता गॅसवाला आला की पिंतो एकदाच भुंकतो आणि काकूंना शोधत कठड्यावरून वाकतो. तेवढं घरमालकाला चालतं.